बेरीज तेवढीच, पावसाचे दिवस कमी: हा हवामानबदल की नोंदीतला घोळ?

माळरान (प्रश्न):

मराठवाड्यातल्या एका तालुक्याची १९६१ पासूनची रोजच्या पावसाची नोंद एक्सेलमध्ये उतरवून घेतली आहे. जुनी वर्षं तहसीलच्या हाताने मोजायच्या पर्जन्यमापकाची, अलीकडची महसूल मंडळाच्या स्वयंचलित केंद्राची. जून ते सप्टेंबरची बेरीज मांडली तर रेघ जवळजवळ आडवी येते. पावसाचे दिवस मात्र कमी होताना दिसतात आणि मोठ्या पावसाचे दिवस थोडे वाढलेले.

बेरीज बदललेली नसताना याला हवामानबदल म्हणता येईल का? म्हणता येत असेल तर त्यामागचं शास्त्र काय? नोंद भरवशाची आहे का ते कसं तपासायचं? आणि शेतीच्या नियोजनात या आकड्यांचा काही उपयोग होतो का? "पृथ्वी तापतेय" इतपत माहीत आहे, त्याच्या पुढचं सांगा.

मिलिमीटर:

आधी नोंद तपासा, शास्त्र नंतर. नोंद स्वच्छ नसेल तर बाकीची चर्चा फुकट जाते.

पहिली भानगड रिकाम्या रकान्यांची. जुन्या रजिस्टरात "पाऊस नाही" आणि "मोजलंच नाही" या दोन्हींसाठी आडवी रेघ मारलेली असते. उतरवताना दोन्हीकडे ० पडला की पावसाचे दिवस आपोआप घटतात. जुलै-ऑगस्टमध्ये सलग दहा-बारा शून्यं दिसली की शेजारच्या दोन-तीन तालुक्यांचे तेच दिवस काढून बघा. तिकडे पाऊस आणि तुमच्याकडे ठणठणाट असेल तर तो पावसाचा खंड नाही, मोजणारा रजेवर होता. असे दिवस रिकामे ठेवा आणि हंगामाचे १० टक्क्यांहून जास्त दिवस रिकामे निघाले तर ते वर्षच गाळा.

दुसरी जास्त फसवी आहे. रविवारी कुणी मोजलं नाही, सोमवारी दोन दिवसांचं पाणी एकदम मोजलं. बेरजेला धक्का नाही, पण एक पावसाचा दिवस गायब झाला आणि एक मोठा दिवस जन्माला आला. तुम्ही जो बदल शोधताय, हुबेहूब तोच! वारानुसार सरासरी काढा, एक्सेलच्या वीकडे फंक्शनने पाच मिनिटांचं काम आहे. पावसाला रविवार कळत नाही. सोमवार सातत्याने भारी आणि रविवार हलका आला तर काय ते समजा.

तारखेचंही बघा. हवामान खात्याचा पावसाचा दिवस सकाळी ८:३० ते दुसऱ्या दिवशी ८:३० असा असतो आणि आकडा मोजल्याच्या तारखेला लिहितात. २६ जुलै २००५ च्या प्रलयात सांताक्रूझला पडलेला ९४४ मिमी पाऊस खात्याच्या नोंदीत २७ जुलैला सापडतो. स्वयंचलित केंद्राची फाइल कधीकधी मध्यरात्र ते मध्यरात्र असते. दोन पद्धती एकत्र केल्या तर रात्रीचा एकच पाऊस दोन दिवसांत फाटतो.

मोजपात्राची गफलतही नेहमीची. पर्जन्यमापकाच्या तोंडाचं क्षेत्रफळ २०० चौ. सेंमी असेल तर १ मिमी म्हणजे २० मिली पाणी, १०० चौ. सेंमी असेल तर १० मिली. प्रत्येकाचं मोजपात्र वेगळं. एक फुटलं आणि दुसऱ्या प्रकारचं आणलं की सगळा पाऊस दुप्पट किंवा निम्मा. शिवाय ४ लिटरची बाटली २०० चौ. सेंमीच्या मापकाखाली २०० मिमीला भरते. वरचं पाणी बाहेरच्या डब्यात उतरतं. ते मोजायचं राहिलं की सगळ्यात मोठे पाऊस २०० च्या आसपास छाटले गेलेले दिसतात.

हे सगळं एका झटक्यात पकडायचं तर तुमच्या केंद्राची वर्षागणिक चढत जाणारी बेरीज उभ्या अक्षावर आणि शेजारच्या चार-पाच केंद्रांच्या सरासरीची तशीच बेरीज आडव्या अक्षावर मांडा. रेघ सरळ हवी. जिथे कोन पडतो त्या वर्षी काहीतरी घडलंय: मापक हलवला, बाजूचं झाड वाढलं, इमारत उठली, मोजपात्र बदललं. अडथळा त्याच्या उंचीच्या किमान दुप्पट अंतरावर असावा लागतो. तहसीलच्या आवारातला कडुनिंब हे अंतर पाळत नाही.

आणि सगळ्यात मोठा सांधा हाताचा मापक ते स्वयंचलित केंद्र. या केंद्रात नरसाळ्याखाली छोटी दोन खणांची बादली असते; एक खण भरला की ती कलंडते आणि एक टिचकी नोंदवली जाते, बहुधा ०.२ ते ०.५ मिमीला एक. मुसळधार पावसात बादली कलंडत असतानाही पाणी येत राहतं आणि त्यातलं थोडं मोजलंच जात नाही, म्हणून जोरदार पाऊस कमी दिसतो. नरसाळ्यात पाला, पक्ष्यांची विष्ठा, कोळ्याचं जाळं अडकलं तर वेगळाच प्रकार: आजूबाजूला पाऊस थांबलेला असतो, पण तुमच्या फाइलमध्ये तासन् तास एकसारखी मंद रिमझिम चालू राहते, हळूहळू विरत जाणारी. पंधरा मिनिटांचे आकडे मिळाले तर ही खूण लगेच ओळखू येते. रोजच्या आकड्यात ती लपते.

एक जाता जाता. राज्यात अतिवृष्टीच्या मदतीचा निकष २४ तासांत ६५ मिमी आहे. ६० ते ६४ च्या घरात सामसूम आणि ६५-६६ वर गर्दी दिसते का, तेही बघून ठेवा. मी काही म्हणत नाही.

बाष्प:

शास्त्राचं मी घेतो. बेरीज सपाट राहून पावसाची वाटणी बदलणं हे तापलेल्या हवेत अपेक्षितच आहे.

हवेचं तापमान १ अंशाने वाढलं की ती सुमारे ७ टक्के जास्त बाष्प धरून ठेवू शकते. हा क्लाउझियस-क्लॅपेरॉनचा नियम, यात वादाला जागा नाही. पण जगाचा एकूण पाऊस ७ टक्क्यांनी वाढत नाही, अंशामागे २ ते ३ टक्केच वाढतो. कारण पाऊस पडताना बाष्पाची उष्णता वातावरणात सुटते, आणि ती उष्णता वातावरणाने अवकाशाकडे उत्सर्जित केली तरच पुढचा पाऊस शक्य होतो. हे थंड होणं तेवढ्या वेगाने वाढत नाही. मग काय होतं? घागर मोठी झाली, नळाची धार जेमतेम वाढली. भरायला जास्त वेळ लागतो, आणि उपडी झाली की जास्त पाणी पडतं. म्हणजे खंड लांब, पाऊस जोरात, बेरीज थोडीफार तीच.

भारतात हे आकड्यांत दिसलेलं आहे. पुण्याच्या आयआयटीएममधले (मोसमी पावसावर संशोधन करणारी संस्था) बी. एन. गोस्वामी आणि सहकाऱ्यांनी २००६ साली मध्य भारताचा १९५१ ते २००० चा रोजचा पाऊस तपासला: १०० मिमीच्या वरचे पाऊस वाढले, मध्यम पाऊस घटले, दोन्हींनी एकमेकांना खाऊन टाकलं आणि हंगामाच्या सरासरीत काहीच दिसलं नाही. तुमची आडवी रेघ त्याच जातीची असू शकते. भूविज्ञान मंत्रालयाच्या २०२० च्या अहवालात १९५० ते २०१५ या काळात मध्य भारतात दिवसाला १५० मिमीपेक्षा मोठ्या पावसाच्या घटना सुमारे ७५ टक्क्यांनी वाढल्याचं दिलंय. त्याच अहवालात १९५१ ते २०१५ दरम्यान देशाचा मोसमी पाऊस सुमारे ६ टक्के कमी झाल्याचंही आहे, आणि ती घट गंगेचं मैदान आणि पश्चिम घाटात ठळक आहे. दोन्ही गोष्टी एकाच वेळी खऱ्या.

घट होण्यात धुराचा आणि धुळीचा मोठा हात आहे. कोळसा, चुली, वाहनं यातून निघणारे सूक्ष्म कण सूर्यप्रकाश अडवतात, जमीन हवी तेवढी तापत नाही, जमीन आणि समुद्र यांच्या तापमानातला फरक कमी होतो आणि मोसमी वारा मंदावतो. उलट बाजूने हिंदी महासागराचा उष्ण पट्टा १९५१ ते २०१५ मध्ये सरासरी १ अंशाने तापला. आयआयटीएमचेच रॉक्सी कोल आणि सहकाऱ्यांनी २०१७ मध्ये दाखवलं की मध्य भारतातल्या विस्तृत अतिवृष्टीच्या घटना १९५० ते २०१५ मध्ये तिप्पट झाल्या आणि त्यांना लागणारं बाष्प बरंचसं अरबी समुद्रावरच्या पश्चिमी वाऱ्यांच्या उसळ्यांतून येतं. वारा सरासरीने मंद, पण मधूनच येणारी उसळी जास्त ओली.

आता "एवढ्याशा तापमानाने असं काय होणार" या नेहमीच्या प्रश्नावर एक हिशेब. देश १९०१ ते २०१८ मध्ये सुमारे ०.७ अंशाने तापला, म्हणजे बाष्प साधारण ५ टक्के जास्त. समजा पावसाच्या दिवसाची सरासरी १२ मिमी आहे आणि मोठे पाऊस घातांकी पद्धतीने विरळ होत जातात. १०० मिमी ओलांडण्याची शक्यता निघते ई (सुमारे २.७१८ ही गणिती संख्या) चा उणे ८.३३ वा घात, १०० भागिले १२ म्हणून ८.३३. प्रत्येक पाऊस ५ टक्के वाढवला की तो उणे ७.९४ होतो. गुणोत्तर जवळजवळ दीडपट. ५० मिमीच्या उंबरठ्याला हीच वाढ २२ टक्के येते. खऱ्या पावसाचं शेपूट यापेक्षा जाड असतं, म्हणजे फार मोठे पाऊस इतक्या झपाट्याने विरळ होत नाहीत, त्यामुळे प्रत्यक्षात गुणोत्तर कमी निघेल, पण उंबरठा जितका वर तितकी टक्केवारी मोठी, हे सूत्र टिकतं.

सरासरी_नको:

वरचं शास्त्र बरोबर आहे, पण ते माळरान यांच्या एका तालुक्यावर तसंच चिकटवू नका. एका केंद्रातून हे सिद्ध होत नाही, आणि का होत नाही ते आकड्यांतच बघा.

समजा ६४.५ मिमीच्या वरचे (खात्याच्या भाषेत जोरदार पावसाचे) दिवस वर्षाला सरासरी २ येतात. ३० वर्षांत ६०. अशा विरळ घटनांची नुसती नशिबाची हेलकावणी मूळ संख्येच्या वर्गमुळाएवढी असते, इथे जवळपास ८. पुढच्या ३० वर्षांत ७० आले तर फरक १०, आणि दोन आकड्यांतल्या फरकाची हेलकावणी ११ च्या पुढे. म्हणजे "वाढले" असं म्हणायला काही आधार नाही. गोस्वामींना ते दिसलं कारण त्यांनी शेकडो केंद्रांचा पाऊस एकत्र बघितला.

म्हणून करायचं असं. ६४.५ सारखा ठरावीक उंबरठा कोरडवाहू तालुक्यात फार वर पडतो. त्याऐवजी १९६१ ते १९९० मधल्या फक्त पावसाच्या दिवसांचे (२.५ मिमी किंवा जास्त) आकडे घ्या, त्यांची ९५ वी शतमक (शंभरातले ९५ दिवस ज्याच्या खाली येतात तो आकडा) काढा, आणि प्रत्येक वर्षी त्या आकड्याच्या वरच्या दिवसांत पडलेल्या पावसाचा एकूण पावसात किती टक्के वाटा आहे ते मांडा. दुसरी मोजणी सर्वांत लांब खंडाची: २.५ मिमीच्या खालचे सलग दिवस, १५ जूनपासून सप्टेंबरअखेर. तिसरी, पावसाच्या दिवसाची सरासरी तीव्रता. या तीन मालिकांना मान-केंडाल चाचणी (चढ-उतार खरा की योगायोग ते तपासणारी) लावा आणि उतार सेनच्या पद्धतीने (वर्षांच्या प्रत्येक जोडीतला उतार काढून त्यातला मधला) काढा. साधी सरळ रेघ एखाद्या वेड्या वर्षाने वाकते, ही वाकत नाही.

सुरुवातीचं वर्ष स्वतः निवडू नका. १९७२ पासून सुरू केलं तर दुष्काळाच्या खड्ड्यातून रेघ वर चढणारच. टीव्हीवरचे अर्धे आलेख असेच असतात.

आणि रोजच्या आकड्यांवरून ढगफुटी शोधू नका. ती म्हणजे लहानशा भागात तासाला १०० मिमी. रोजचा आकडा ते सांगूच शकत नाही, मग बातमीत काहीही छापलेलं असो.

बाष्प:

एका केंद्राबाबत मान्य. पण उलटी चूकही नको: एका केंद्रात ट्रेंड "सिद्ध" झाला नाही म्हणजे बदल नाही असं नव्हे. आसपासच्या पंधरा-वीस केंद्रांत दिशा एकच आली तर ती बोलते.

माळरान:

दोन शंका. ग्रिडचा डेटा (नकाशाचे चौकोन पाडून प्रत्येकाला काढलेला पाऊस) वापरला तर केंद्रांची कटकट टळेल ना? आणि अल निनोचं काय, २०२३ सारखं वर्ष यात कसं धरायचं?

मिलिमीटर:

कटकट टळत नाही, नजरेआड होते. खात्याचा ०.२५ अंशाचा ग्रिड १९०१ पासून मिळतो, पुण्याच्या कार्यालयाच्या संकेतस्थळावर फुकट आहे, पायथनमध्ये इमडलिब नावाची लायब्ररी तो थेट उतरवते. उणे ९९९ म्हणजे माहिती नाही. ती आधी गाळा, नाहीतर सरासरी ऋण येईल आणि निदान ते तरी लक्षात येईल. एक चौकोन साधारण २७ किमीचा. आकडा आजूबाजूच्या केंद्रांना अंतरानुसार वजन देऊन काढलेला असतो, त्यामुळे टोकाचे पाऊस बोथट होतात आणि तुरळक पाऊस पसरून पावसाचे दिवस वाढतात. शिवाय केंद्रांची संख्या वर्षागणिक बदलते. एखाद्या चौकोनाजवळचं केंद्र बंद पडलं की तिथला मोठा पाऊस "घटतो". ग्रिड विभागाच्या अभ्यासाला चांगला, एका तालुक्याच्या अतिवृष्टीला नाही. तुमची नोंद तपासायला मात्र जरूर वापरा.

सरासरी_नको:

अल निनोची वर्षं काढून टाकायची नाहीत. विश्लेषण दोनदा करा, एकदा सगळी वर्षं, एकदा अल निनोची वगळून. उत्तर दोन्हीकडे एकच आलं तरच पुढे जा. २०२३ उदाहरण म्हणून उत्तमच आहे. देशाचा ऑगस्ट ३६ टक्के तुटीचा, १९०१ पासूनचा सर्वांत कोरडा. आणि हंगाम संपला ९४ टक्क्यांवर. नुसती बेरीज बघणाऱ्याला ते वर्ष बरं वाटेल. ऑगस्टमध्ये ज्याचं सोयाबीन शेंगेत होतं त्याला विचारा.

"सरासरीच्या किती टक्के" बघताना सरासरी कोणती तेही बघा. २०२२ पासून खात्याने १९७१ ते २०२० ही वर्षं धरली. देशाची सरासरी ८८०.६ वरून ८६८.६ मिमी झाली. तोच पाऊस नव्या मापाने थोडा जास्त भरतो.

काळी_जमीन:

शेतीचा प्रश्न राहिलाच. पाऊस तेवढाच असला तरी पिकाला मिळणारं पाणी तेवढंच नसतं.

भारी काळ्या जमिनीत कोरड्या भेगा असेपर्यंत पाणी भसाभस जातं. भेगा बुजल्या की जिरण्याचा वेग तासाला १ ते ५ मिमीवर येतो. १०० मिमी पाऊस दहा दिवसांत पडला तर बहुतेक जिरतो. तोच चार तासांत पडला तर वरच्या वेगानेही २० मिमी जिरेल, ८० वाहून जाईल. हेक्टरी ८०० घनमीटर पाणी, आणि त्यासोबत वरची माती. त्यानंतर तीन आठवड्यांचा खंड आला की आकडेवारीत "समाधानकारक पाऊस" आणि रानात माना टाकलेलं पीक.

तुमच्या नोंदीतून काढायची खरी उपयोगी गोष्ट ही: प्रत्येक वर्षी पेरणीयोग्य पाऊस कधी झाला ते ठरवा (सोयाबीनला ७५ ते १०० मिमी झाल्याशिवाय पेरू नये म्हणतात, तोच निकष लावा). तिथून ३५ ते ७० दिवसांच्या दरम्यान, म्हणजे फुलोरा ते शेंगा भरण्याच्या काळात, १० दिवसांहून मोठा खंड किती वर्षांत पडला ते मोजा. आधीची ३० वर्षं आणि नंतरची ३० वर्षं वेगळी ठेवा. दर दोन वर्षांत एकदा खंड पडत असेल तर संरक्षित पाण्याशिवाय सोयाबीन हा जुगार आहे. दहात एकदा असेल तर शेततळ्याचा खर्च कदाचित निघणार नाही. इथे ट्रेंड सिद्ध झालाय की नाही याने फरक पडत नाही, शक्यता पुरते.

तळ्याचा हिशेब. ३० × ३० × ३ मीटर, बाजूंचा उतार १:१ असेल तर तळ २४ × २४ चा आणि क्षमता २१९६ घनमीटर. १०० मिमीच्या पावसातलं ६० टक्के पाणी वाहिलं तर हेक्टरी ६०० घनमीटर, म्हणजे साधारण पावणेचार हेक्टरचं पाणलोट एका पावसात तळं भरतं. खंडात ५० मिमीचं एक पाणी द्यायला हेक्टरी ५०० घनमीटर. कागदावर सव्वाचार हेक्टर भिजतं, प्रत्यक्षात तीन धरा. बाष्पीभवन रोज ५ मिमी धरलं तर महिन्याला शंभरेक घनमीटर जातं, अस्तर नसेल तर पाझर त्याहून कितीतरी जास्त. मुरमाड थरात खोदलेलं बिनअस्तराचं तळं खंड येईपर्यंत रिकामं असतं. आणि येणाऱ्या पाण्याच्या तोंडाशी गाळ बसायला खड्डा नसेल तर तीन-चार मोठ्या पावसांत तळ उथळ होतो.

तळं नसेल तर निदान रुंद वरंबा सरी करा. हैदराबादजवळच्या पाटणचेरूच्या इक्रिसॅट या कोरडवाहू पिकांच्या आंतरराष्ट्रीय संशोधन संस्थेने काळ्या जमिनीसाठी बसवलेली पद्धत: सुमारे १ मीटरचा वरंबा, अर्ध्या मीटरची सरी, सरीला ०.४ ते ०.८ टक्के उतार. जास्त झालेलं पाणी हळू निघून जातं, कमी पावसात ओल टिकते. लोक सरी थेट उताराच्या दिशेने ओढतात आणि मग पद्धतीला नावं ठेवतात. उतार त्याहून जास्त झाला तर सरीची नाली व्हायला एक अतिवृष्टी पुरे.

माळरान:

वारानुसार सरासरी आत्ताच काढली. सोमवार चांगलाच वर आहे, पण फक्त १९९० च्या आधीच्या वर्षांत.

मिलिमीटर:

म्हणजे जुन्या काळात पावसाचे दिवस खऱ्यापेक्षा कमी मोजले गेलेत आणि मोठे दिवस जास्त. मग तुम्हाला दिसलेला बदल प्रत्यक्षात आणखी ठळक असायला हवा. जुन्या वर्षांतले रविवार-सोमवार दोन्ही गाळा, नव्या वर्षांतलेही गाळा म्हणजे तुलना सारखी राहील, आणि आठवड्याच्या उरलेल्या पाच दिवसांवर पावसाचे दिवस आणि सरासरी तीव्रता पुन्हा काढा. सर्वांत लांब खंडाला ही युक्ती चालणार नाही, त्यासाठी शेजारचं केंद्र लागेल. स्वयंचलित केंद्राची वर्षं वेगळ्या रंगात दाखवून आलेख इथे टाका.